भागिरथाबाईंची थांबलेली पाळी

भागिरथाबाईंच्या सासूला, गोजराबाईंना, पहिला संशय आला तो वाळत घातलेल्या धुण्यावरून. लग्नाला दोन महिने झाले तरी सुनेचे महिन्याचे कपडे दोरीवर दिसले नाहीत. त्यांना आधी आनंदच झाला. यंदा घरात पाळणा हलतो, असं त्यांनी शेजारणीला सांगूनही टाकलं. मग तिसरा महिना गेला, पाचवा गेला, आणि सुनेचं पोट पाठीला लागलेलंच राहिलं. तेव्हापासून गोजराबाई सुनेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागल्या.

मी कामरगावच्या शाळेत मराठी शिकवत होते. भागिरथाबाई चौऱ्याहत्तर साली आमच्याकडे पी.टी.च्या शिक्षिका म्हणून आल्या. माहेर किन्हीराजाचं. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. वडील दुसऱ्यांच्या वावरात राबत, पण मुलीला शिकवायचंच हा त्यांचा हट्ट. मालेगावच्या शाळेला उशीर होऊ नये म्हणून ही मुलगी दप्तर पाठीला बांधून धावत जायची. तिचं धावणं तिथून सुरू झालं. पुढे अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, विद्यापीठाच्या स्पर्धेत पंधराशे मीटरमध्ये दुसरी आली. तिथल्या होस्टेलात, एकोणिसाव्या वर्षी, पाळी थांबली. घाबरल्या नाहीत. कटकट गेली असंच वाटलं, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. बरोबरच्या आणखी दोघींचं तसंच होतं, पण त्यावर कोणी बोलत नसे.

नवरा इंद्रभान आमच्याच गावात पोस्टमन. शांत माणूस, पण शांत माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. दीड वर्ष त्याने बायकोला काही विचारलं नाही. विचारलं ते सासूने.

"पाळी काहून येत नाई वं तुले?"

"मले नाई माईत, मामी. चार वर्सं झाले, आलीच नाई."

"मंग लग्नाच्या आंधी सांगतलं काहून नाई?"

भागिरथाबाई उठून भांडी घासायला गेल्या. आपण काही लपवलं असं त्यांना वाटतच नव्हतं. गोजराबाईंना मात्र त्या उठून जाण्यातच सगळं दिसलं.

शहात्तर साल उजाडलं. आणीबाणी होती. आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायला सांगितलं होतं. ज्यांनी आणल्या नाहीत त्यांना नोटिसा आल्या. मलाही आली. भागिरथाबाईंना आली नाही. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, की या बाईने कुठून केस दिली. मग कोणीतरी म्हणालं, स्वतःचीच दिली असेल, म्हणून तर मूल नाही. मी ते ऐकलं, खोडून काढलं नाही, उलट घरी जाऊन बहिणीला सांगितलं. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, त्यामुळे यादीत नावच नव्हतं, हे मला पुढच्या वर्षी समजलं. तोवर ही गोष्ट गावभर झाली होती.

ती गोजराबाईंच्या कानावर गेली. त्या दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, बस, आज मी तुही पाठ घासून देतो. लग्नानंतर दोन वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. भागिरथाबाई न्हाणीत बसल्या. सासू पाठ घासता घासता पुढे वाकली आणि ओल्या हाताने पोट चाचपून पाहिलं.

"काय पायता मामी?"

"काई नाई. मळ हाये."

टाक्यांची खूण कुठेच नव्हती. म्हणून संशय गेला असं नाही, तो गोळ्यांवर गेला. गावात कुटुंबनियोजनाच्या गोळ्या फुकट मिळत. गोजराबाईंनी मुलाला सांगितलं, बायकोची पेटी पाहा. इंद्रभानने पाहिली. गोळ्या नव्हत्या, एक वही होती. वहीत तारखा आणि तारखेपुढे आकडे. एकावन्न, पन्नास-वीस, एकोणपन्नास. रोजचे, एकही दिवस न चुकता.

"हे आकडे कायचे हायेत?"

"धावाचे. सा मैलाले किती मिनिटं लागतात ते लिहितो."

"कायले लिहाचं?"

"कमी झाले का नाई ते पाहाले."

इंद्रभानला हे पटलं नाही. कमी झालं तर काय मिळतं, हे त्याला उमगेना. रोज अंधार असताना उठून ही बाई कारंज्याच्या रस्त्याने जाते, तासाभराने येते, आणि वहीत आकडे लिहिते. एवढ्या पहाटे कोणाला भेटत असेल?

जूनच्या एका सकाळी तो पोस्टाची सायकल घेऊन तिच्या मागे निघाला. दिवा लावला नाही. बरंच अंतर ठेवलं. भागिरथाबाई सलवार-कुर्ता आणि कॅनव्हासचे बूट घालून रस्त्याच्या कडेने पळत होत्या. मैलाचे दगड मागे पडले, पण वाटेत कोणी भेटलं नाही, त्या कुठे थांबल्याही नाहीत. तिसऱ्या दगडाला हात लावून त्या वळल्या. इंद्रभान घाईने बाभळीआड झाला. परतताना एका मोरीच्या कठड्यापाशी त्यांचा पाय अडखळला. खाली बसल्या, डोकं गुडघ्यात घातलं. तो सायकल टाकून पुढे गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी होती आणि हात बर्फासारखे गार होते.

"तुमी अठी कसे?" त्यांनी विचारलं.

इंद्रभानने खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण सायकलवर बसायलाही तयार झाल्या नाहीत. उरलेला दीड मैल दोघं चालत आले. वाटेत तो एवढंच म्हणाला, "आपून अकोल्याच्या लेडी डॉक्टरले दाखवू."

आता संशय घ्यायची पाळी भागिरथाबाईंची होती. त्या साली सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की माणसं वावरात लपत. तपासायला म्हणून नेतील आणि ऑपरेशन करून सोडतील, ही भीती शिकलेल्यांनाही होती. त्यांनी मला विचारलं, बाई, जाऊ का नको? मी म्हटलं, एकट्या जाऊ नका. शेवटी इंद्रभान आणि गोजराबाई दोघंही बरोबर गेले. गोजराबाई काळजीपोटी गेल्या नव्हत्या. सून डॉक्टरला काय सांगते ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नीट तपासलं, गळा चाचपला, वजन घेतलं. छत्तीस किलो भरलं.

"सकाळी काय खाऊन पळता?"

"च्या घेतो."

"आल्यावर?"

"शाळा असते. डब्यात अर्धी भाकर. रातच्याले सगळ्याईचं झालं का जेवतो."

"आणि शाळेत दिवसभर कवायत?"

"हो. कबड्डीबी घेतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि अनपेक्षितपणे गोजराबाईंकडे वळल्या. "आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कामावर होता का?"

"होती ना. खडी फोडाले."

"तेव्हा बायकांची पाळी यायची का?"

गोजराबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो उठून बाहेर गेला. मग त्या हळू आवाजात बोलल्या. "माही दीड वर्स बंद होती. दिवसभर हातोडा, अन् खायले रेशनवरच्या लाल मिलोची एक भाकर. मले वाटलं, सरलं आपलं. मंग घरात जवारी आली अन् पुन्हा सुरू झाली. लाजंनं कोणाले सांगतलं नाई. माह्यासंगच्या बऱ्याच जणीचं तसंच होतं."

"तेच तुमच्या सुनेचं झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात जातं त्याहून जास्त ही अंगातून काढते. असं झालं की ज्याच्यावाचून जीव अडत नाही ते काम शरीर आधी बंद करतं. आत काही बिघडलेलं दिसत नाही. गोळी दिली तर रक्त दिसेल, पण ते गोळीचं असेल, त्याने मूल राहणार नाही. खाणं दुप्पट करा. पळणं निम्म्याहून कमी करा. सहा-सात महिने धीर धरा, मग मला येऊन दाखवा. आणि हाडं सांभाळा. पाळी अशी वर्षानुवर्षं बंद राहिली की हाडंही कच्ची होतात."

सुई टोचली नाही, औषध दिलं नाही. भागिरथाबाई परतीच्या एस.टी.त याच गोष्टीवर विचार करत होत्या. एवढ्या मोठ्या डॉक्टरने फक्त जेव म्हणून सांगावं? त्यांना वाटलं, सासूने आधीच काहीतरी सांगून ठेवलं असणार. सगळ्यांना मिळून आपलं पळणं बंद करायचं आहे.

गोजराबाईंनी मात्र त्या दिवसापासून बाजू बदलली. सुनेला आधी वाढू लागल्या. भाकरीवर तूप, शेंगदाण्याची चटणी, दिवसाआड अंडं. सून जेवेपर्यंत समोर बसून राहत. भागिरथाबाई निम्मी भाकर पदराआड लपवून शेळीला घालत. ते एक दिवस गोजराबाईंनी पाहिलं.

"शेळीले दिवस राह्यले तं तू बारसं करशीन का?" त्या म्हणाल्या.

घरून सकाळचं पळणं बंद झालं, म्हणून भागिरथाबाई शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेने पळू लागल्या. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. पंचवीस फेऱ्या मोजल्या. जवळ जाऊन विचारलं, "बाई, डॉक्टरांनी पळणं कमी करायला सांगितलं होतं ना?"

त्या दम घेत म्हणाल्या, "तुमाले मूल हाये, बाई. मले फक्त हे हाये. हेच्यामुळं मी किन्हीराजातून निंगाली. थांबली, अन् मूलबी नाई झालं, तं मंग माह्याजवळ काय राह्यते?"

मी वर्गात परतले.

पळणं थांबलं ते ऑक्टोबरात, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून नाही. उजव्या पावलात कळ येऊ लागली. पडल्या नव्हत्या, मुरगळलं नव्हतं. दोन आठवडे त्या तशाच पळाल्या, मग पाऊल टेकवेना. कारंज्याला फोटो काढला तर हाडाला बारीक चीर. प्लास्टर घालून आणल्यावर त्या दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. तिसऱ्या दिवशी सासूला म्हणाल्या, "मामी, हाडाचं डॉक्टरबाईनं खरं सांगतलं होतं." आणि पुढ्यातलं ताट पूर्ण संपवलं.

दिवाळी गेली, प्लास्टर निघालं. गाल भरले. पूर्वी त्या उन्हातही कुर्त्याची बाही खाली ओढत, कारण हात गार पडत. ते बंद झालं. रोज चालायच्या, आठवड्यातून दोनदा थोडं पळायच्या. जानेवारीत, शाळेतच, मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमच्याजवळ कापड हाये का?" मला आधी समजलंच नाही. सहा वर्षांनी आली होती. पुढची मार्चमध्ये आली.

एप्रिलमध्ये नाही आली. मेमध्येही नाही. भागिरथाबाई मला भेटायला घरी आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "पुन्हा बंद झाली. डॉक्टरबाई खोटं बोलली. एवढं खाल्लं, एवढं थांबली, दोन डाव आली अन् गेली." दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवलेले बूट बाहेर काढले आणि पुन्हा कारंज्याच्या रस्त्याने पळू लागल्या. चहाचा वास सोसत नव्हता, म्हणून चहाही न घेता.

चहा सुटला हे गोजराबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सुनेला न सांगता उपकेंद्रातल्या चंपाबाई नर्सला घरी आणलं. ऑपरेशनची भीती अजून गेली नव्हती. भागिरथाबाई हात लावू देईनात, दारात उभ्या राहून म्हणाल्या, हिच्या पिशवीत काय हाये ते आंधी दाखवा. चंपाबाईंनी पिशवी उघडून दाखवली. मगच तपासू दिलं.

"चवथा लागला," चंपाबाई म्हणाल्या.

 मग गोजराबाईंचा जुना स्वभाव वर आला. "पाळी तं एवढ्या वर्सात दोनच डाव आली. मंग दिवस कसे राह्यले?"

"दोन डाव आली तेवढी पुरली, गोजराबाई. आता येत नाई ती याच्यामुळंच."

"अन् ही रोज पायटी बाहेर जाते..."

इंद्रभान ओसरीवर टपाल लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "माय, ती कोठी जाते ते म्या मांगं जाऊन पाह्यलं हाये. पुन्हा इचारू नको."

भागिरथाबाई त्या दिवशी ढसाढसा रडल्या, आणि चंपाबाईंना पहिला प्रश्न विचारला तो पळण्याचाच. चालत जा, चंपाबाई म्हणाल्या, आणि न्याहारी करून जा.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात मुलगी झाली. नाव प्रज्ञा. गावात काही घरांतून तरीही बोललं गेलं, की अकोल्याच्या बाईने काहीतरी सुई दिली होती, ते लपवतात. मी जिथे ऐकलं तिथे या वेळी बोलले. एकोणऐंशीत शिक्षकांच्या जिल्हा स्पर्धेत भागिरथाबाई पंधराशे मीटर पळाल्या, चौथ्या आल्या. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्या वेळी कोणाला कुठे जावं लागलं नाही.

शाळेतल्या पळणाऱ्या मुलींना त्या आता सरावाआधी एकेकीला बाजूला घेऊन दोन गोष्टी विचारू लागल्या. सकाळी काय खाल्लं, आणि या महिन्यात पाळी आली का. मुलींनी घरी सांगितलं. पालकांत चुळबुळ झाली, की ही बाई पोरींना असलं विचारते तरी कशासाठी, कुठे लिहून घेते, कोणाला कळवते? आणीबाणी लोक विसरले नव्हते.

एक दिवस कस्तुराबाई नावाची एक आई तडक मैदानावर आली. तिची मुलगी आठवीत, लांब पल्ल्याची चांगली धावपटू.

"माह्या पोरीले असे सवाल कायले पुसता तुमी?"

"तिची चार महिन्यांपासून आली नाई. तुमाले माईत हाये का?"

कस्तुराबाईंचा चेहरा बदलला. भलत्याच शंकेने त्यांनी मुलीकडे पाहिलं. भागिरथाबाईंना ती नजर ओळखीची होती. त्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तसं काई नाई. तिच्यावर डोये काढू नका. सकायी काय खाऊन येते ती?"

 "मी मजुरीले लवकर जातो," कस्तुराबाई म्हणाल्या. "तिचं मले नाई माईत."

"मंग बसा," भागिरथाबाई म्हणाल्या, आणि लिंबाच्या सावलीतली सतरंजी झटकून त्यांच्यासाठी पसरली.