वजनाचा नट

सगुण मशीनपुढे उभा राहिला की त्याच्या बायकोचा, सुमंगलाचा एक कान स्वयंपाकघरात आणि दुसरा गोठ्यात असायचा. खाणीच्या वर्कशॉपात तो लेथ चालवणारा टर्नर होता, तेव्हा मशीनमधून सुटलेल्या तुकड्याने एका कामगाराचा जबडा फोडला होता. खाण बंद पडल्यावर सगुणने जुनं लेथ मशीन विकत घेऊन रिकाम्या गोठ्यात बसवलं, आणि तिची भीतीच घरी मुक्कामाला आली.

वेडेवाकडे भाग मशीनच्या साध्या पकडीत, चकात, धरता येत नाहीत. त्यासाठी त्याने घरीच खाचांची एक जाड तबकडी बनवली होती. खाचांत बोल्ट, बोल्टांवर भाग दाबून धरणाऱ्या पट्ट्या. भाग एका बाजूला जड असला तर समोर लोखंडी वजन आवळायचं, नाहीतर तबकडी फिरताना सगळं मशीन थडथडतं. या सरंजामाचा त्याला भलता लळा. कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, असा दंडकच होता.

खंडेनवमीला मात्र पूजेसाठी मशीन बायकोच्या ताब्यात. चोपड्याच्या रुद्रेशच्या होडीचा बिडाचा ब्रॅकेट तबकडीवर चढवलेला तसाच होता. सगुण झेंडूची फुलं आणायला गेला तेव्हा सुमंगलाने वजन काढून पुसलं, त्याला कुंकू लावलं आणि परत बसवलं. नट सोडवताना वापरलेला पाना मग काही सापडेना, म्हणून नट बोटांनीच फिरवला. नवरा आला की सांगू, असं तिने ठरवलं. पण तो आला, पूजा झाली, आणि दंडक आठवून तिने ते सांगितलंच नाही.

दसरा उलटला. ती डिचोलीच्या बाजारात वाल घेत होती. भाजीवालीने तराजूत वजन टाकलं आणि सुमंगलाला तो बोटांनी फिरवलेला नट आठवला. आज मशीन सुरू होणार होतं! तिने फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. मशीनपाशी फोन न्यायचा नाही, हाही त्याचाच दंडक. वाल तिथेच टाकून तिने बस पकडली. बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती आणि सुमंगलाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, गोठ्याच्या जमिनीवर पडलेला सगुण.

घराच्या वळणावर मशीनची घरघर ऐकू आली.  हाक मारावी, तर चालू मशीनवरच्या माणसाला दचकवलं की हात आत जातो, हे त्यानेच सांगितलेलं. ती धडपडत ओसरीवर गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

"मेन कोणी बंद केल्यान?" सगुण भडकून बाहेर आला.

"मियां." तिला रडूच फुटलं. "वजनाचो नट ढिलो आसा. पूजेक काढललंय. तुमका सांगूक भियालंय."

त्याचा राग विरला. तो चक्क हसला. "तो सकाळीच आवळलंय. आट्यांत कुंकू दिसला, तेवाच समाजलंय कोणाचा काम ता."

तिची खात्री व्हावी म्हणून त्याने तिला आत नेलं, पाना नटाला लावून दाखवला. नट हलला नाही. सुमंगलाला हायसं वाटलं. मग उगाच ऐट म्हणून त्याने ब्रॅकेटवरच्या एका पट्टीच्या नटाला पाना लावला. तो सहज फिरला. तेवढ्या धक्क्याने पट्टी कलंडली आणि ब्रॅकेट जागचा सरकला.

सगुणचा चेहरा पांढराफटक पडला. पूजेआधी घाईत अर्धवट आवळून ठेवलेली पट्टी ती. सकाळी बायकोची चूक सापडली, त्या तोऱ्यात पुढचे नट बघायचेच राहून गेले होते.

"हो ढिलो नट माझो," तो हळूच म्हणाला आणि स्टुलावर बसला.  त्याला इतकं घाबरलेलं तिने कधीच पाहिलं नव्हतं, म्हणून ती आणखीच घाबरली.

मग उठून त्याने सगळे नट पुन्हा आवळले आणि पाना तिच्यापुढे धरला. "आता तू एकदा बघ."

"माका काय कळता त्यातला?"

"ढिलो कळता मगे?"

सुमंगलाने पहिल्या नटाला पाना लावला.