झुंबरबाईच्या दुकानातली तंबाखू

निमोण्यात शाळेच्या भिंतीला लागून झुंबरबाईचं किराणा दुकान. तेल-मीठ काय, कुठंही मिळतं. आपलं दुकान चालतं ते तंबाखूवर, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. बायका दुपारी चहापत्तीच्या नावाखाली यायच्या, पायरीवर गप्पा हाणायच्या आणि पिशवीच्या तळाशी तंबाखूची पुडी सारून घरी जायच्या. तव्यावर भाजली की झाली मशेरी. झुंबरबाईचाही दिवस दाताला मशेरी लागल्याशिवाय सुरू होत नसे.

मग प्रतिभा मॅडम मुख्याध्यापिका होऊन आल्या. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हे त्यांनी एकदा गोडीगुलाबीनं सांगितलं आणि दुसऱ्यांदा पोलीसपाटलाला बरोबर घेऊन. मनातल्या मनात मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत झुंबरबाईनं सगळा माल व्यापाऱ्याला परत केला.

आता तंबाखू फक्त एसटी स्टँडच्या टपरीवर. तिथं गावातले समस्त सासरे आणि दीर दिवसभर ठाण मांडून असतात. त्यांच्यादेखत पुडी मागायची कुठल्या बाईची छाती? मशेरीवाचून डोकं फारच ठणकायला लागलं, तेव्हा खुद्द झुंबरबाई गेली. बाकावर चुलतसासरे मारुतराव. काय पाहिजे सूनबाई, असं त्यांनी मायेनं विचारलं, आणि जन्मभर दुकानदारी केलेली ती बाई चार लिमलेटच्या गोळ्या घेऊन परत आली.

इकडं दुकान ओस पडलं. बायका यायच्या बंद झाल्या. दुकानाला टाळं लावून दौंडला लेकीकडं जायचं तिनं मनाशी पक्कं केलं.

एका दुपारी पायरीवरच्या बायकांतली बयाबाई आली. तंबाखू नाही आणि मिळणारही नाही, असं झुंबरबाईनं तिला दारातच खडसावलं.

"ठावं हाय," बयाबाई पायरीवर टेकत म्हणाली. "तंबाखू न्हाई म्हून यायचं कुणी थांबलं न्हाई, झुंबरे. मशेरी सुटल्यापासून तू कुत्र्यावानी अंगावर येतीस, म्हून भ्यालो समद्या. घरात सून, रानात नवरा. घटकाभर बसाया तुझ्याबिगर हाय कोण आमाला?"

झुंबरबाईला एकदम रडू फुटलं. मशेरी सुटल्यापासून डोळ्यांना असं पाणी येतं, असं तिनं पदर लावत सांगितलं. बयाबाईनं ते खरं मानल्यासारखं केलं आणि बाकीच्यांना हाका मारायला उठली.