अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस

परवा अक्काची मुलगी सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या घरी आली होती. तिनं कॉम्प्युटरला एक कोडं घातलं आणि उत्तर डोळ्यांची पापणी लवायच्या आत आलं: ३८१६५४७२९. "मावशी, एकच संख्या आहे," ती म्हणाली. मला ते माहीत होतं. लहानपणी अक्काला आणि मला ती शोधायला अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली होती.

आमचे अप्पा होटगी स्टेशनवर गाड्यांसाठी रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. एका मालगाडीच्या गार्डनं त्यांना हे कोडं घातलं होतं. एक ते नऊ आकडे एकेकदाच वापरून नऊ आकडी संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन आकड्यांच्या संख्येला दोननं भाग जायला हवा, पहिल्या तिनांच्या संख्येला तीननं, पहिल्या चारांच्या संख्येला चारनं, असं थेट नऊपर्यंत.

अक्का आणि मी क्वार्टरच्या शहाबादी फरशीवर खडूनं मांडत बसायचो. पाचव्या जागी पाचच येणार, हे अक्कानं पहिल्याच दिवशी ओळखलं. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम आकडे, हे मी. एकदा मी ९८७६५४३२१ लिहिलं. सहापर्यंत सगळं सुरळीत गेलं आणि सातला बाकी उरली पाच. मी रडलेच. आई कन्नडमध्ये ओरडली, "साकु!" पुरे आता! पण फरशी तिनं पुसली नाही. केर काढताना ती आमच्या आकड्यांना वळसा घालायची.

शेवटी अक्काला ती सापडली. आम्ही दोनदा ताळा केला, ती कागदावर उतरवली आणि धावत स्टेशनवर गेलो.

"अप्पा, बरोबर हाय का?"

अप्पांनी कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, "मला तरी कुटं ठाव हाय? गाडी सुटली, उत्तर ऱ्हायलंच की."

ड्यूटी संपवून घरी आल्यावर तेही आमच्याबरोबर फरशीवर बसले. आणखी एखादी निघते का, ते पाहायचं होतं. सातचा नियम सोडला तर बाकी सगळ्यांत बसणाऱ्या दहा संख्या निघाल्या. त्यातल्या नऊ सातवर अडल्या. "एकच हाय लेकीनो," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

तो गार्ड आता दुसऱ्या लाइनला होता. अप्पांनी इतर गार्डांकडून निरोप धाडला. महिन्याभरानं उलट निरोप आला: उत्तर मलाही येत नाही, लिहून पाठवा.

अप्पांनी वळणदार अक्षरात ते लिहिलं, खाली आम्हा दोघींची नावं घातली. आई म्हणाली, "तुमचं पण घाला की."

"मी नुसतं विचारलं. काढलं पोरींनी."

सुट्टीचा दिवस असूनही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कागद दोन्ही हातांत धरून ते मालगाडीच्या शेवटच्या, गार्डच्या डब्याकडे चालत गेले.