यमुनाकाकूंच्या मशीनची मोटर

कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं ते नेमकं टँकरच्या वर्षी. सिडकोत नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. तरी यमुनाकाकूंनी दुरुस्तीवाल्या अजिनाथला बोलावणं धाडलं. नवऱ्याच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेली वस्तू नुसती उभी ठेवणं त्यांच्या जिवावर येत होतं.

अजिनाथने मागचं झाकण उघडलं. मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर फुगला होता, एवढंच. बदलायला दहा मिनिटं पुरली असती. पण त्याने मोटर हाताने फिरवून पाहिली आणि हात तिथेच रेंगाळला. काय अलगद फिरत होती!

मुकुंदवाडीतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळी हत्यारं अशीच तयार झाली होती. मिक्सरच्या मोटरचं ड्रिल, फुटक्या कूलरच्या पंख्याचा भाता. देवगाव रंगारीला मेंढरं विकून बाप घरी बसला, तेव्हा तो शहरात आला आणि लोकांनी टाकलेल्या वस्तूंवर पोट भरायला शिकला. भंगारात हात घालायची त्याला कधी लाज वाटली नव्हती. फक्त धार लावायच्या चाकाजोगती मोटर मिळत नव्हती. गावाकडचे धनगर लोकर कातरायच्या कातरी घेऊन यायचे आणि तसेच परत जायचे.

"काय रे, जगेल का?" काकूंनी विचारलं.

"नाय काकू. मोटर जळाली. आता हिच्यात काय राम नाय."

जळालेल्या मोटरला वास येतो. काकू वाकून वास घेतील, असं त्याला क्षणभर वाटलं. काकूंनी घेतला नाही.

"मग ने बाबा काढून. टबात पाणी तरी साठेल ना?"

टब गळत नाही हे त्याने दोनदा तपासून दिलं. पैसे मात्र घेतले नाहीत, घेववले नाहीत.

तेच नडलं. काकू गल्लीभर सांगत सुटल्या, "आमच्या मशीनचा हौद झालाय, मासे तेवढे सोडायचे राहिलेत! पण अजिनाथ सरळ माणूस हो. दुसऱ्यानं मोटरला नवी तार भरून देतो म्हणून लुबाडलं असतं. यानं तोंडावर सांगितलं, वर पैसाही घेतला नाही."

गल्लीतले पंखे, मिक्सर, इस्त्र्या त्याच्याकडे येऊ लागल्या. कुणी "काकूंनी पाठवलंय" म्हणालं, की तो त्यांच्या मोटरवर फिरणाऱ्या चाकाकडे पाठ करून बोलायचा.

तिसऱ्या वर्षी धरण भरलं. मिक्सर बघायला तो काकूंकडे गेला, तर त्या मागच्या मोरीत चादर घासत बसलेल्या, मनगटाला पट्टा.

"दोन वर्षं ब्रश मारून मनगट गेलं रे. आमचा शंतनू नवीन मशीन घे म्हणतो. पण पुण्यातून नुसतं म्हणतोच."

मिक्सरचा स्क्रू त्याच्या हातून तीनदा निसटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चाकाची मोटर उतरवली. कातर घेऊन बसलेला कडुबा ओरडला, "आरं, माझी धार?" अजिनाथने मोटर पिशवीत घातली.

काकूंच्या मोरीतल्या मशीनला मोटर बसवली, नवा कपॅसिटर जोडला, टबात पाणी सोडलं. मशीन घुरघुरलं आणि फिरायला लागलं.

"अगंबाई! मेलेलं उठवलंस की रे!"

"मेलं नव्हतं, काकू. मोटर चांगली व्हती. म्या खोटं बोललो. मला पाहिजे व्हती ती."

काकूंच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग त्यांनी मशीन बंद केलं.

"समोरच्या सईच्या कूलरला परवा काय म्हणालास?"

"जळालाय म्हनलो. त्यो खरंच जळालाय, काकू."

"खरंच?"

आताचा खरं सांगतानाचा आवाज आणि तेव्हाचा खोटं सांगतानाचा आवाज, दोन्ही त्याचे त्यालाच सारखे ऐकू आले.

"कूलर आणून दाखवतो."

"नको. दुसऱ्या कुणाला तरी दाखव म्हणून सांगते तिला."

काकू आत गेल्या. अजिनाथ पान्हे पिशवीत भरू लागला. आवाज होऊ नये म्हणून एकेक करून, हळू.