म्हाताऱ्या हरणीचं काळीज

एका हरणीच्या पोटातली गुडगुड ऐकून मी तिचं काळीज फुटल्याचं जाहीर केलं होतं. कानांत नळ्या घातल्या, चकती भलतीकडेच पोटावर टेकवली आणि चक्क पदर डोळ्यांना लावला. मागून माझ्या नणंदबाई आल्या, जनावरांच्या डॉक्टर. त्यांनीही ऐकलं. "वैनी, हे रवंथ करून राह्यली. तुमी काऊन रडून राह्यल्या?"

गेल्या महिन्यात वन्सं गेल्या. भाच्याचा फोन आला आणि मला आधी ती गुडगुडच आठवली...

नव्वदच्या आसपासची गोष्ट. इचोड्याजवळ कुंपणात काही चितळं होती. ती सगळी ट्रकनं दूरच्या मोठ्या उद्यानात न्यायचं ठरलं. त्यात ही म्हातारी, दात झिजलेली. तिच्या ठोक्यामागं वन्संना फुसफूस ऐकू यायची. ट्रकच्या धास्तीनंच ती मरेल, असं त्यांचं मत. वनखात्याचे साहेब म्हणाले, "डाक्टरम्मा, कान की बात मैं कागज पे कैसा लिखूँ?" वन्सं भांडल्या नाहीत. हैदराबादेहून बॅटरीवर चालणारं ईसीजीचं यंत्र मागून आणलं, एसटीत सबंध रस्ताभर मांडीवर घेऊन. आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर, आणि अख्ख्या बसला वाटलं बाई शिलाई मशीन घेऊन चालली.

जाळं टाकायचं नाही, पाय बांधायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. म्हाताऱ्या हरणाला नुसतं धरलं तरी भीतीनं जीव जातो, म्हणायच्या. म्हणून रोज सकाळी आम्ही मोहफुलं घेऊन जायचो आणि ती खात असताना, आवाजाची सवय व्हावी म्हणून, यंत्र शेजारी नुसतंच चालू ठेवायचो. यंत्राच्या तारांना कातडीवर लावायचे चिमटे होते, त्यांचे दात वन्संनी कानशीनं घासून बोथट केले, आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिले. असली डॉक्टर मी पुन्हा पाहिली नाही.

शेवटी साहेब बघायला आले. वन्संनी चिमटे लावले, पण परकी माणसं पाहून हरणी थरथरली. सुई कागदावर नुसत्या रेघोट्या मारू लागली. मी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिच्या डोळ्यांवर धरून उभी. वन्संनी मला तोंड उघडू नका म्हणून बजावलं होतं. पण गप्प राहणं मला कधी जमलंय? हळूच तिच्या कानाशी लागले. सासूबाईंनी वरणात मीठ कसं दोनदा टाकलं, मग नाव माझंच कसं घेतलं... सगळं सांगितलं. थरथर थांबली. रेघ स्वच्छ उमटली, मधेमधे चुकणाऱ्या ठोक्यांसकट. वन्संनी एकेक ठोका बोटानं दाखवला. साहेबांनी पट्टी दोनदा पाहिली आणि हरणी इथंच राहील, असं लिहून दिलं.

परतताना वन्सं यंत्र छातीशी धरून पुढं चालल्या होत्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "वैनी, घरी तुमचं तोंड सुरू झालं का माहं दील धडधडते. तिचं काऊन शांत झालं, ते सांगणारी मशीन कोठं भेटन?"