झिगी की मार्साश्लोक

मी खरेदी विभागातला माणूस. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यासाठी मी एकवीस वर्षं स्क्रूपासून क्रेनपर्यंत सगळं विकत घेतलं, आणि प्रत्येक वेळी आधी तक्ता केला. वर विक्रेत्यांची नावं, डावीकडे निकष, तळाला एकूण गुण. ही सवय ऑफिसात थांबली असती तर बरं झालं असतं, पण ती माझ्याबरोबर रोज घरी यायची. आमचा फ्रिज तक्त्यातून आला, सोफा तक्त्यातून आला, मुलीची शाळा तक्त्यातून आली. बायको तेवढी तशी आली नाही. तिला पाहायला गेलो तेव्हा मला एक्सेल येत नव्हतं.

बायको रत्नागिरीची, मत्स्यशास्त्राची पदवीधर. मी पुण्याचा, मला पापलेट आणि हलवा शेजारी ठेवले तर ओळखता येत नाहीत. लग्नानंतर माझ्या नोकरीमागे, माझ्या व्हिसावर, ती शारजाला आली, मुलगी झाली, पदवीचा कागद कपाटात गेला. नऊ वर्षांपूर्वी तिने तो बाहेर काढला आणि उम्म अल कुवैनच्या एका हॅचरीत नोकरी धरली. हॅचरी म्हणजे जिथे माशांच्या अंड्यांतून पिल्लं काढून वाढवतात ती जागा. मी त्या जागेला 'तुझी बालवाडी' म्हणायचो आणि आपण विनोद केला असं समजायचो.

गेल्या वर्षी माझं निवृत्तीचं ठरलं. मुलीची बारावी संपत आली होती आणि तिला पुढे पुण्यातच शिकायचं होतं. त्याच सुमारास बायकोला एका महिन्यात नोकरीची दोन पत्रं आली. एक माल्टाच्या मार्साश्लोक नावाच्या मासेमारीच्या गावातून. मोठी कंपनी, मोठी प्रयोगशाळा, सहायकाची जागा. दुसरं सायप्रसच्या झिगी नावाच्या त्याहून लहान गावातून. तिथे एक छोटी हॅचरी होती, तिचा पिल्लांचा विभाग सांभाळणारा माणूस थकला होता, आणि तो अख्खा विभाग तिच्या हाती द्यायची त्यांची तयारी होती. दोन्ही पत्रं तिने चहा घेताना मला वाचून दाखवली आणि म्हणाली, "बघूया." मला ते 'तू बघ' असं ऐकू आलं. मी लॅपटॉप उघडला.

निकष मला पाठच होते. शारजात फ्लॅट बघताना जे बघतात तेच: सकाळचा ट्रॅफिक, पार्किंग, शाळा, इंडियन ग्रोसरी, एअरपोर्ट किती लांब. आमच्याकडे शहाणा माणूस भाडेकरारावर सही करण्याआधी एकदा सकाळी साडेसहाला त्या बिल्डिंगखालून गाडी काढून बघतो. दुबईच्या रस्त्याला लागायला किती वेळ लागतो त्यावर पुढचं आयुष्य ठरतं. मग ईदच्या सुट्टीत दोन्ही गावं बघायला आम्ही तिघं निघालो.

मार्साश्लोक पहिल्या नजरेत जिंकलं. निळ्या-पिवळ्या होड्या, त्यांच्या पुढच्या टोकावर रंगवलेले डोळे, पाण्याला लागून रविवारचा मासळीबाजार, आणि सगळ्यांना इंग्रजी येतं. बायको बाजारात शिरली आणि कल्ले उचलून बघू लागली. मी सकाळीच बस-स्टॉपवर जाऊन बसलो होतो, वहीत गाड्या मोजत. एका एजंटने घर दाखवलं. त्याने भाडं युरोत सांगितलं, मी ते सवयीने मोठ्याने आधी दिरहममध्ये केलं, मग रुपयांत. रुपयांपाशी मी डोळे मिटले तेव्हा तो बिचारा आदराने गप्प उभा राहिला. त्याला वाटलं मी प्रार्थना करतोय.

तिथून सायप्रसला. झिगी म्हणजे एक छोटं बंदर, मासे तळणारी पाच-सात हॉटेलं आणि भरपूर मांजरं. सकाळी साडेसहाला मी रस्त्याकडेला वही घेऊन उभा राहिलो. एक ट्रॅक्टर गेला. अर्ध्या तासाने तोच परत आला. ट्रॅफिकला पैकीच्या पैकी गुण देऊन मी बाकी रकान्यांत शून्यं भरली. मसाले नाहीत, पाट्या ग्रीकमध्ये, मला बोलायला कोणी नाही.

हॅचरी बघायला मी गेलो तो केवळ बाहेर ऊन होतं म्हणून. आत अर्धवट अंधार, गोल टाक्या, पंपांची घरघर. पिल्लांचा विभाग सांभाळणारा, निवृत्त होऊ घातलेला फोरमन पांढऱ्या मिशांचा होता, आणि आमच्याशी फारसा बोलत नव्हता. बायको एका टाकीपाशी थांबली, उकिडवी बसली आणि त्याच्याकडे टॉर्च मागितला. तो तिने पाण्यात मारला नाही. पाण्याच्या पातळीत आडवा धरला आणि गाल टाकीच्या काठाला टेकवून बघत राहिली. मग त्याला बोटाने काहीतरी दाखवलं. तोही गुडघे धरत खाली बसला.

पाण्यावर तेलाचा अगदी पातळ तवंग होता. नंतर तिने मला समजावलं की ही पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांत एकदाच वर येऊन हवेचा घोट घेतात, त्याने पोटातली हवेची पिशवी भरते. तवंग असला तर तो फोडून वर यायची ताकद त्यांच्यात नसते. मग ती जगली तरी पाठीत वाकतात. फोरमनच्या बऱ्याच पिल्लांची पाठ त्या हंगामात वाकत होती, आणि तो खाद्य बदलून थकला होता. बायकोने बाही वर केली, तवंग गोळा करणारी प्लास्टिकची चौकट हलवून बघितली, हवेची नळी थोडी तिरकी केली. पाण्यावरची चमक हळूहळू एका कोपऱ्यात सरकली. फोरमन उठला. मग आत जाऊन त्याने खुर्ची आणली, आणि ती तिच्यासाठी ठेवली. मला उभंच ठेवलं.

मी उभा राहून माझ्या बायकोकडे बघत होतो. उम्म अल कुवैन माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर. नऊ वर्षांत मी एकदाही तिचं काम बघायला गेलो नव्हतो. सिमेंटच्या गोण्या बघायला रास अल खैमाला मी महिन्यातून दोनदा जात होतो. माझी छाती तेव्हा फुगली आणि चेहरा पडला, दोन्ही एकदम. शर्टाचं वरचं बटण उघडावं लागलं.

एवढं होऊनही मी सुधारलो असं समजू नका. दुपारी बंदरावरच्या हॉटेलात मी लॅपटॉप उघडून दोघींना निकाल वाचून दाखवला. मार्साश्लोक स्पष्ट फरकाने पुढे.

मुलीने स्क्रीन स्वतःकडे वळवली. "बाबा, शाळेला वीस मार्क्स? आय ॲम डन विथ स्कूल."

ते मी मान्य केलं.

"अँड मॉर्निंग ट्रॅफिक? यू आर रिटायर्ड. वेअर आर यू गोइंग?"

बायको मासा सोलत होती. काटा वेगळा करून तिने माझ्या ताटात मऊ तुकडा ठेवला आणि विचारलं, "याचा इंडेंट कोणाचा आहे?"

इंडेंट म्हणजे मागणीपत्र. ज्या विभागाला वस्तू वापरायची आहे त्याने ते सही करून द्यायचं, मगच खरेदी. एकवीस वर्षं रोज संध्याकाळी मी घरी येऊन हेच सांगत आलो होतो, की अमक्याने इंडेंटशिवाय फाइल पाठवली आणि मी ती कशी परत फेकली. तिने ते सगळं ऐकलं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

"कोणाचाच नाही," मी म्हणालो.

"मग ही फाइल परत जायला हवी." ती हसत नव्हती. "घरं आपण नेहमी तुझ्या ऑफिसच्या हिशोबाने घेतली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरंच. पण आता कामाला मी जाणार आहे. मार्साश्लोकला मी दुसऱ्याच्या टाक्यांच्या नोंदी ठेवीन. इथे टाक्या माझ्या असतील."

"इथे राहायचंय तुला?"

"इथे काम करायचंय. तुला राहायला जमेल का ते तू सांग."

हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. आणि तिला शारजाला आणताना मीही तो विचारला नव्हता. मी तक्त्यातल्या ओळी एकेक करून पुसल्या. रिकाम्या पानावर 'मागणी करणारी व्यक्ती' एवढंच लिहिलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने हात पुसले आणि आपलं पूर्ण नाव टाइप केलं, पुढे स्वल्पविराम, मग पदवी. खाली 'झिगी'. मी खरेदी मंजूर केली. टेबलाखालच्या मांजराला मासा मिळाला.

शारजाला परत आल्यावर तिच्या पदवीची कागदपत्रं साक्षांकित करायची होती. त्यासाठी आमच्या बिल्डिंगखालच्या, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथले चाचा श्रीवर्धनचे. आमचा पहिला अर्ज त्यांनीच भरला होता, तेव्हापासूनचे सगळे त्यांचेच. मी पासपोर्ट ठेवले आणि त्यांची बोटं सवयीने माझं नाव टाइप करू लागली.

"चाचा, खोडा ते. अर्जदार ह्या आहेत."

त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनींना नोकरी? कुठली?"

"माशांची," बायको म्हणाली. "एक विभाग सांभाळायचाय."

चाचांचे डोळे लकाकले. कुठले मासे, किती टाक्या, पाणी किती खारट, सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि रांगेतली माणसं ताटकळली. मग त्यांना माझी आठवण झाली. "आणि भाऊ, तुम्हांला तिथं काय काम?"

"मी ह्यांच्या व्हिसावर," मी म्हणालो, आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणालो, कारण रांगेतल्या तिघांनी वळून बघितलं. मग बायकोने मला कोपराने ढकललं, की सही करायला तिला जागा दे.