रेझिनला विरजण

व्याही उठले आणि त्यांच्याबरोबर पाटही उठला.

ऐन साखरपुड्यात! नात ऋचा समोर बसलेली, भटजींच्या हातात अक्षता, आणि नवऱ्या मुलाचे वडील मागे पाट घेऊन कासवासारखे ओणवे उभे! पाट माझ्या मुलाने, सुधाकरने, केलेला. पँट त्यांची, नवी कोरी. चूक माझी. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

सुधाकर निवृत्त झाल्यावर मोबाइलवर बघून सुतारकाम शिकला. (त्याचे वडील मोबाइल नव्हता तेव्हाही काही शिकले नाहीत, ते जाऊ दे.) व्याह्यांना बसायला त्याने फणसाचा पाट केला. मधल्या खाचेत निळं रेझिन, म्हणजे सुकून काचेसारखा होणारा चीक, वर पांढरी लाट. बसलं की आरे-वारेच्या किनाऱ्यावर बसल्यासारखं वाटायला हवं, म्हणे!

"आई, दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. त्यानेच ते घट्ट होतं," असं म्हणून कालवलेलं भांडं तिथेच ठेवून तो फोन घ्यायला गेला.

म्हणजे विरजणच की! आणि एवढ्याशा विरजणाने सकाळपर्यंत कसं लागायचं? मी हार्डनरच्या बाटलीतलं आणखी अर्धी वाटी ओतलं. ढवळलंही.

तीन दिवस झाले तरी पाट काकवीसारखा चिकट. "खारी हवा नडली," सुधाकर म्हणाला. वर बल्ब लावला, पंखा लावला. काही नाही. साखरपुड्याच्या सकाळी तो तोंड पाडून बसला. असल्या सुतकी चेहऱ्याने पाहुण्यांचं स्वागत करणार? मी गुपचूप पाटाला तांदळाची पिठी चोळली आणि पुसून घेतली. लाट जरा जास्त पांढरी झाली, एवढंच.

"सुधाकर, लागलं बघ!"

त्याने बोट लावलं. "झालं गो आई!" म्हणत उडीच मारली मेल्याने.

पण व्याही अंगाने भरलेले. तासाभरात पिठी दबली आणि रेझिन वर आलं.

"ओढा!" भटजी ओरडले. सुधाकरने पाट ओढला, नवऱ्या मुलाने बाप ओढला. टर्रकन आवाज झाला! पाट सुटला, पँटीचा मागचा भाग पाटावरच राहिला.

विहीणबाई म्हणाल्या, "शकुन काही बरा नाही. लग्नाचं नंतर बघू." ऋचाचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात सुधाकरची लुंगी नेसून व्याही बाहेर आले. माणूस हेदवीचा, जन्मभर फायबरच्या होड्या दुरुस्त केलेला. त्यांनी पाटावर बोट दाबून पाहिलं.

"सुधाकरराव, हार्डनर जास्त झालंय. माप नाही घेतलंत?"

"मापूनच घातलं हो!"

"मग काय पाटाला पान्हा फुटला?"

सगळे सुधाकरकडे बघायला लागले. आता गप्प बसले असते तर सोयरीक गेली असती. मी म्हटलं, "मी ओतलं. विरजण समजून. पिठीही मीच लावली."

मग व्याही असे हसले की दोन्ही हातांनी लुंगी धरावी लागली. ती धडपड बघून विहीणबाईही हसत सुटल्या!

"हे आता जन्मात सुकायचं नाही. खरवडायला पत्रा आणा, स्पिरिट आणा," व्याही म्हणाले. दोघे व्याही पडवीत बसले. चिकटा लाकडापर्यंत खरवडला, स्पिरिटने पुसला, नवं रेझिन मापून ओतलं.

"आणि मुहूर्त?" भटजी कळवळले.

"मी लुंगीवर थांबलोय, तो थांबेल की!"

साखरपुडा सतरंजीवर झाला. पाट दोन दिवसांत दगड झाला. पँट गेली. व्याही वाचले, सुधाकर वाचला, सोयरीक वाचली आणि मीही वाचले. ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला मारून कोण हात खराब करून घेणार!